पाण्यावरची रेघ

दरवर्षी प्रवासवर्णनाचा घटक शिकवायला घेतला की वर्गाला आम्ही एक छोटा स्वाध्याय देतो. पाहिलेल्या कोणत्याही गावाविषयी पानभर लिहायचे; अट एकच, 'निसर्गरम्य' हा शब्द वापरायचा नाही. अट ऐकताच अर्ध्या वर्गाच्या लेखण्या थांबतात. उरलेल्यांपैकी बरेच जण 'नयनरम्य' लिहून मोकळे होतात. विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या प्रवासवर्णनांनी त्यांच्यासमोर जे ठेवले त्यात गाव म्हणजे बहुधा बसच्या खिडकीतून दिसलेला देखावा, आणि माणसे म्हणजे त्या देखाव्यातल्या आकृत्या. गोडसे भटजी १८५७ साली वरसईहून निघाले ते दक्षिणेच्या आशेने. वाटेत ते बंडाच्या धामधुमीत सापडले आणि पुढे 'माझा प्रवास' लिहिला गेला. त्या पुस्तकाच्या जिवंतपणात पायी प्रवासाचा वाटा फार मोठा आहे, असे आम्हांला नेहमी वाटत आले आहे. चालणाऱ्याला समोर आलेली गोष्ट चुकवता येत नाही.

हे सारे वर्गात सांगणे सोपे असते. गेल्या मे महिन्याच्या सुटीत आम्ही दोघे (व्यवसायाने मराठीचे अध्यापक, नात्याने पती-पत्नी) जर्मनीत भाचीकडे गेलो, तेव्हा पहिल्याच दिवशी आमच्या वहीत जो शब्द उतरला तो 'निसर्गरम्य' हाच होता. पुढे एका सरोवराकाठच्या गावाने आमची ही सवय मोडली. त्या गावाविषयी, आणि त्या निमित्ताने 'सीमा' या शब्दाविषयी, काही म्हणणे मांडावे एवढ्यासाठी हे टिपण.

भाची श्टुटगार्टला असते. तिच्या स्वयंपाकघरातल्या नळाला येणारे पाणी बरेचसे दक्षिणेकडच्या बोडनझे सरोवराचे. इंग्रजीच्या वाटेने आपण त्याला कॉन्स्टन्स सरोवर म्हणतो. १९५८ पासून झिप्लिंगन या काठावरच्या गावाजवळून हे पाणी उपसले जाते आणि सुमारे ४० लाख लोकांपर्यंत पोहोचते. "ज्याचं पाणी रोज पिता ते सरोवर एकदा बघून तरी या," भाची म्हणाली. वर एक सल्लाही दिला. "मावशी, कॉन्स्टान्त्सला गाडीने जाऊ नका. गाडीने गेलं की ते गाव मागच्या दाराने दिसतं. मेर्सबुर्गला राहा आणि बोटीने जा."

मेर्सबुर्ग हे उत्तर काठावरचे, उतरणीवर वसलेले लहान गाव. आनेट फॉन ड्रोस्ट-ह्युल्सहोफ या कवयित्रीने आयुष्याची अखेरची वर्षे तिथल्या जुन्या किल्ल्यात काढली. १८४८ मध्ये ती तिथेच वारली. युरो येण्यापूर्वी चलनात असलेल्या २० मार्कांच्या नोटेवर तिचे चित्र होते. चलनी नोटेवर कवयित्री, या गोष्टीचा मराठीच्या अध्यापकांना हेवा वाटल्यास तो क्षम्य मानावा.

तिथून पांढऱ्या प्रवासी बोटीत बसलो. सरोवराचे एकूण क्षेत्रफळ ५३६ चौरस किलोमीटर, कमाल खोली २५१ मीटर. त्याच्या काठी तीन देश आहेत: जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड. आल्प्समधून आलेली ऱ्हाईन नदी पूर्वेकडून सरोवरात शिरते आणि कॉन्स्टान्त्सपाशी त्याच्या मोठ्या भागातून बाहेर पडते. नदीवरच्या अंतराचे दगड मोजले जातात तेही तिच्या उगमापासून नव्हे, तर कॉन्स्टान्त्सच्या पुलापासून. तिथे शून्य किलोमीटर. नदी बिचारी तोवर बरीच वाट चालून आलेली असते. पण मोजदाद करणाऱ्यांनी जिथे बोट ठेवले तिथे तिचा आरंभ झाला. त्या वेळी आम्ही याकडे केवळ एक गंमत म्हणून पाहिले. दिवस संपेपर्यंत ती गंमत राहिली नाही.

बंदराच्या तोंडाशी, धक्क्याच्या टोकावर, एक प्रचंड स्त्री उभी आहे. नऊ मीटर उंचीची, अठरा टन वजनाची, आणि संथपणे स्वतःभोवती फिरणारी. पेटर लेंक या शिल्पकाराने १९९३ मध्ये उभारलेली ही 'इम्पेरिया'. तिच्या दोन तळहातांवर दोन उघडेनागडे, खुजे पुरुष बसले आहेत; एकाच्या डोक्यावर राजमुकुट, दुसऱ्याच्या डोक्यावर पोपचा मुकुट. बाल्झाकच्या एका कथेतली ही गणिका. ज्या खऱ्या इम्पेरियावरून हे नाव आले ती १५१२ मध्ये रोममध्ये वारली, म्हणजे कॉन्स्टान्त्सच्या धर्मपरिषदेशी तिचा काही संबंध असणे शक्य नव्हते. गावाला मात्र त्या परिषदेचे जे स्मारक मिळाले ते हेच. शिल्प बसले तेव्हा पुष्कळ ओरड झाली. आज गावातल्या दुकानांत तिच्याच चित्रांची पोस्टकार्डे विकली जातात. बोट तिच्या पायाखालून आत शिरते, आणि समोर दिसते ते उंच छपराचे, १३८८ साली बांधलेले व्यापारी कोठार. इटलीशी चालणाऱ्या व्यापाराचा माल उतरवण्यासाठी ते बांधले, आणि १४१७ च्या नोव्हेंबरात त्यातच धर्मगुरूंना कोंडून नवा पोप निवडला गेला. भाचीचे म्हणणे खरे होते. गावाचे पुढचे दार हेच. आधी थट्टा, मग कोठार, मग सत्ता, असा त्याचा क्रम आहे.

धक्क्यावर उतरून आम्ही भाड्याच्या सायकली घेतल्या. चाळिशी ओलांडल्यावर सायकलवर बसणे हा शरीराशी केलेला एक करार असतो. त्यात परक्या देशात उजव्या बाजूने चालवायची, आणि पायडल उलटे फिरवले की ब्रेक लागतो हे लक्षात ठेवायचे. पहिल्या शंभर पावलांत आम्ही दोन वेळा अकारण थांबलो. सायकलीचा आद्य अवतारही याच मुलखातला. कार्ल ड्राइसने १८१७ मध्ये मानहाइमला आपले पायाने ढकलायचे दुचाकी यंत्र चालवून दाखवले तेव्हा मानहाइम आणि कॉन्स्टान्त्स दोन्ही बाडनच्या राज्यात होती. पायी चालणाऱ्याचे गाव एका दिवसात संपत नाही, मोटारीतून जाणाऱ्याचे सुरूच होत नाही. सायकलीचा वेग मधला: डोळ्यांना वाचता येईल इतका, आणि एका दिवसात गावाची एक टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळख होईल इतका.

प्रथम एका बेटावर गेलो. जेमतेम अरुंद पाण्याने गावापासून वेगळे झालेले हे बेट. त्यावर पूर्वी डोमिनिकन साधूंचा मठ होता, आज मोठे हॉटेल आहे. या मठात १४१४ च्या हिवाळ्यात यान हुस या बोहेमियन धर्मसुधारकाला डांबले होते. राजा सिगिस्मुंडने दिलेल्या अभयपत्राच्या भरवशावर तो नोव्हेंबरच्या आरंभी कॉन्स्टान्त्सला आला आणि महिना सरण्याआधी पकडला गेला. मठ पुढे बंद झाला, तिथे कापडाचा उद्योग आला, आणि त्याच वास्तूत १८३८ मध्ये हवाई जहाजांचा निर्माता काउंट झेपेलिन जन्मला. एकाच भिंतींच्या आत एका माणसाचा आवाज बंद केला गेला आणि सव्वाचारशे वर्षांनी एकाला आकाशाची स्वप्ने पडली. आवारात कॉफी पिणाऱ्यांना यातले काही ठाऊक असण्याची सक्ती अर्थातच नाही.

त्या परिषदेचा वृत्तांत उलरिख रिशेंटाल नावाच्या एका गावकऱ्याने लिहून ठेवला आहे. त्याच्या सचित्र प्रतींपैकी एक गावातल्या संग्रहालयात आहे. आपल्याकडच्या बखरकारांची आठवण व्हावी अशी ही नोंद: कोणता सरदार किती माणसांनिशी आला, मासळी काय भावाने गेली, भाकरी किती महागली. एका चित्रात चाकांवरची भट्टी ओढत गल्लोगल्ली खाद्यपदार्थ विकणारे लोक दिसतात. याच कागदांत हुसला जाळल्याचेही चित्र आहे. लेखकाने दोन्हींना सारखीच शाई वापरली आहे. साहित्याच्या अभ्यासकांना यातून काही शिकण्यासारखे आहे, असे आम्हांला वाटते.

हुसला ६ जुलै १४१५ रोजी गावाबाहेर जाळले आणि त्याची राख ऱ्हाईनमध्ये टाकली, ती अशासाठी की मागे पूजेला काही उरू नये. पुढच्या वर्षी त्याचा सहकारी प्रागचा जेरोम याचीही तीच गत झाली. गावाच्या पश्चिमेला, ज्या वस्तीला 'पाराडीस' म्हणजे स्वर्ग असे नाव आहे, तिथे १८६२ मध्ये बसवलेला एक अनघड, मोठा दगड या दोघांचे स्मारक म्हणून उभा आहे. 'काळ्या दगडावरची रेघ' असे आपण न बदलणाऱ्या शब्दाविषयी म्हणतो. राजाचे अभयपत्र हाही तसाच शब्द असायला हवा होता. प्रत्यक्षात रेघ पाण्यावरची निघाली, आणि दगड मागाहून आला.

पाराडीस वस्तीच्या पुढे भाजीचे मळे लागतात. सायकलवरून जाताना मळा कोठे संपला आणि देश कोठे बदलला हे कळत नाही. या भागाचे नाव टेगरमोस. जमीन स्वित्झर्लंडची; पण बाडन आणि थुर्गाउ यांच्यात १८३१ मध्ये झालेल्या करारानुसार कॉन्स्टान्त्स शहराला इथे काही नागरी हक्क आहेत, आणि मळे पिढ्यान्‌पिढ्या पाराडीसचे शेतकरी करीत आले. आणखी थोडे पुढे गॉटलीबन. इथल्या किल्ल्यात हुसला काही काळ कैदेत ठेवले होते, आणि गंमत अशी की परिषद भरवणारा पोप तेविसावा जॉन हाही पदच्युत होऊन त्याच किल्ल्यात कैदी झाला. आज हा किल्ला स्वित्झर्लंडमध्ये आहे. हुसला तिथे नेले तेव्हा वाटेत कोणतीही आंतरराष्ट्रीय सीमा नव्हती. थुर्गाउ स्विस संघाच्या हाती गेला तो १४६० मध्ये. सीमा ही भूगोलाची गोष्ट आहे असे शाळेतल्या नकाशाने आपल्या मनावर बिंबवलेले असते. वास्तविक ती इतिहासाची गोष्ट असते, आणि तीही अनेकदा अलीकडच्या.

यानंतर आम्ही गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलो. कॉन्स्टान्त्स आणि स्विस बाजूचे क्रॉइत्सलिंगन ही खरे तर जोडगावे आहेत. घरांची रांग न तुटता एकीतून दुसरी सुरू होते. सरोवराच्या काठाशी, दोहोंच्या मध्ये, गवताळ मोकळ्या जागेत लोखंडाची उंच शिल्पे एका ओळीत उभी आहेत. योहानेस ड्योर्फलिंगर या कलावंताची ही 'कलासीमा'. टॅरोच्या पत्त्यांवरून घडवलेली २२ शिल्पे, २००७ मध्ये सिद्ध झालेली. ओळीच्या या बाजूला युरोपीय संघ, त्या बाजूला स्वित्झर्लंड. मधून सायकली जातात, मुले चेंडू खेळतात. पूर्वी इथे कुंपण होते. १९३९-४० च्या सुमारास उभारलेले हे कुंपण नात्सी राजवटीतून निसटून जाऊ पाहणाऱ्यांच्या वाटेत उभे होते. ते निघाले २००६ मध्ये, म्हणजे युद्ध संपून साठ वर्षे उलटल्यावर.

याच सीमेवर ८ नोव्हेंबर १९३९ च्या रात्री गेओर्ग एल्झर पकडला गेला. व्यवसायाने सुतार. म्युनिकच्या ज्या सभागृहात हिटलरचे भाषण होणार होते तिथल्या खांबात त्याने एकट्याने, रात्र रात्र लपून राहून, बाँब बसवला होता. पूर्वी काही वर्षे तो कॉन्स्टान्त्समध्ये कामाला होता, म्हणून सीमेची वाट त्याच्या परिचयाची. स्वित्झर्लंड काही पावलांवर असताना पहारेकऱ्यांनी त्याला धरले, तेव्हा बाँब फुटायला अर्ध्या तासाहून थोडा अधिक अवधी होता. हिटलर ठरल्यापेक्षा लवकर, स्फोटाच्या तेरा मिनिटे आधी, सभागृहातून निघून गेला. स्फोटात आठ माणसे मेली. एल्झरला ९ एप्रिल १९४५ रोजी डाखाउच्या छळछावणीत मारण्यात आले. तेरा मिनिटे आणि काही पावले; त्या रात्री पुढच्या इतिहासाचे पुष्कळ काही एवढ्या अंतरावर अडकले होते.

याच सीमेने गावाला वाचवले असेही सांगतात. समोरच्या काठावरचे फ्रीड्रिख्सहाफन विमानांच्या आणि इंजिनांच्या कारखान्यांमुळे बाँबवर्षावात उद्ध्वस्त झाले. कॉन्स्टान्त्सचे जुने गाव शाबूत राहिले. गावात सांगितली जाणारी हकिकत अशी की इतरत्र काळोख पाळला जात असताना कॉन्स्टान्त्सने दिवे चालू ठेवले, म्हणजे वरून पाहणाऱ्या वैमानिकाला ते शेजारच्या तटस्थ गावापासून वेगळे ओळखू येऊ नये. खरे-खोटे काहीही असो, गोष्ट अर्थपूर्ण आहे. शेजाऱ्याहून वेगळे न दिसणे हेच ज्याचे संरक्षण, त्याच गावात शेजाऱ्यापासून वेगळे करणारे कुंपण उभे होते.

कुंपण कायमचे गेले असे २००६ मध्ये सर्वांना वाटले. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत सीमा बंद झाली आणि त्याच शिल्पांच्या ओळीत कुंपण परत आले. लोक जाळीपाशी येऊन भेटू लागले, जाळीतून हात धरू लागले. म्हणून मध्ये अंतर सोडून दुसरे कुंपण घातले गेले. विवाहित जोडप्यांना काही सवलती होत्या. ज्यांचे नाते कोणत्याच दप्तरात नोंदलेले नव्हते ते दोन जाळ्यांच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून बसत. मे महिन्याच्या मध्यास कुंपण काढले. साथीत अंतर राखणे आवश्यक होते, याविषयी वाद नाही. आम्हांला अस्वस्थ करते ती निराळी गोष्ट. विषाणू घराघरांतून पसरत होता. राज्यसंस्थेला मात्र कुंपण घालायला जी जागा सुचली ती ऐंशी वर्षांपूर्वीचीच. रेघ पुसली तरी जमिनीला तिची सवय राहते.

या सवयीचा थोडा अनुभव आम्हांलाही आला. जर्मनीने ऑक्टोबर २०२३ पासून स्वित्झर्लंडकडच्या सीमेवर आणि सप्टेंबर २०२४ पासून आपल्या सर्व भूसीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली. क्रॉइत्सलिंगनच्या बाजूने काठाकाठाने फेरफटका मारून परत येताना शिल्पांच्या ओळीपाशी दोन गणवेशधारींनी आम्हांला हात केला. पारपत्रे पाहू, म्हणाले. पारपत्रे मेर्सबुर्गच्या खोलीत, कपाटात कुलूपबंद. आमच्यासारख्या दुकट्या माणसांना वाटते त्याप्रमाणे आम्हांलाही वाटले होते की मौल्यवान वस्तू सायकलवर घेऊन हिंडू नये. पिशवीत छायाप्रती होत्या. त्या त्यांनी घेतल्या, दूरध्वनीवर काही विचारले, आणि आम्ही दहा-बारा मिनिटे सायकली धरून उभे राहिलो. वागणे सौजन्याचे होते. चूक आमची होती, कारण सीमा ओलांडताना मूळ पारपत्र जवळ हवे हा नियम आहे. तरीही त्या वेळात आमच्या बाजूने किती सायकली न थांबता गेल्या ते आम्ही मोजले. मोजायचे नव्हते, पण मोजले. तेवीस. त्यातल्या एका आजोबांनी जाता जाता घंटी वाजवून त्या दोघांना नमस्कारही केला. प्रती परत मिळाल्या, पुढच्या वेळी मूळ कागद जवळ बाळगा असे सांगण्यात आले, आणि आम्ही निघालो. सकाळपासून जी रेघ आम्ही कौतुकाने शोधत होतो, टेगरमोसच्या मळ्यांत जी आम्हांला सापडत नव्हती, ती आता आमच्याकरिता अगदी ठळक झाली होती. सीमा सर्वांसाठी एकाच जाडीची नसते. काहींच्या वाटेत ती शिल्पांची ओळ असते, काहींच्या वाटेत प्रश्न असतो, आणि एल्झरच्या वाटेत ती मृत्यू होती.

आता मुख्य मुद्दा. हे सारे जमिनीवर घडत असताना शेजारच्या पाण्यात काय आहे? कॉन्स्टान्त्सच्या लगतच्या निमुळत्या भागात आणि पश्चिमेकडच्या छोट्या सरोवरात सीमा करारांनी ठरलेली आहे. परंतु मोठ्या, पूर्वेकडच्या सरोवरात तीन देशांमधली सीमा आजवर कधीच सर्वसंमतीने ठरलेली नाही. स्वित्झर्लंड मध्यरेषा मानतो. ऑस्ट्रियाचे मत असे की काठालगतचा उथळ पट्टा ज्याचा त्याचा आणि खोल पाणी सर्वांचे सामाईक. जर्मनीने निश्चित भूमिका घेतलेली नाही. युरोपसारख्या खंडात, जिथे एकेका टेकडीसाठी पिढ्या खर्ची पडल्या, तिथे पाण्याचा एवढा विस्तार कोणाचा हे न ठरवता ठेवला आहे. आणि त्यामुळे अनर्थ ओढवलेला नाही.

कारण रेघ ठरलेली नसली तरी काम ठरवावेच लागते. मासेमारीचे नियम १८९३ च्या ब्रेगेंझ करारान्वये एकत्र बसून केले जातात. जलप्रदूषणासाठी काठच्या राज्यांनी १९५९ मध्ये संयुक्त आयोग नेमला. बोटींच्या वाहतुकीचा करार १९७३ चा. या तिन्हींपैकी एकानेही सार्वभौमत्वाचा प्रश्न सोडवला नाही. त्यांनी तो बाजूला ठेवून रोजचे प्रश्न सोडवले. सांडपाणी आणि साबणांमधल्या फॉस्फेटमुळे १९७० च्या दशकाअखेर पाण्यातील फॉस्फरसचे प्रमाण लिटरमागे ८० मायक्रोग्रॅमच्या वर गेले होते आणि सरोवर शेवाळाने गुदमरू लागले होते. काठाकाठाने शुद्धीकरण केंद्रे बांधली गेली, साबणांवर निर्बंध आले, आणि आज हे प्रमाण १० च्या खाली आहे. पाणी माझ्या हद्दीत स्वच्छ आहे असे म्हणण्याची सोयच कोणाला नव्हती. हद्दच नव्हती.

हे चित्र आम्ही फार गोड करून सांगत आहोत, असा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. पाणी स्वच्छ झाले तसे माशांचे खाद्य कमी झाले; त्यात २०१६ पासून परक्या क्वागा शिंपल्यांची भर पडली. फेल्खन हा इथला नावाजलेला मासा इतका घटला की २०२४ च्या आरंभापासून मोठ्या सरोवरात तीन वर्षांसाठी त्याची मासेमारी बंद करण्याचे ठरले. पिढीजात कोळ्यांची तक्रार आहे की पाणी गरजेपेक्षा जास्त शुद्ध झाले. पाणीपुरवठा करणाऱ्यांना ते तसेच हवे आहे. म्हणजे सामाईक वस्तूवर भांडणे असतातच. पण भांडण कशावरून आहे ते पाहावे. ते मासे, शिंपले, फॉस्फरस यांवरून आहे. म्हणजे प्रत्यक्ष सरोवरावरून आहे. ही बंदीही १८९३ च्याच कराराच्या चौकटीत, सर्व काठांनी मिळून घातली.

आमचे प्रतिपादन एवढेच की अनिश्चित सीमा म्हणजे अराजक, हे गृहीतक तपासून पाहायला हवे. अनिश्चिततेची किंमत असते: पुन्हा पुन्हा एकत्र बसावे लागते, दुसऱ्याची भाषा समजून घ्यावी लागते, निर्णयाला वेळ लागतो. निश्चित रेघ या कष्टांतून सुटका करते, आणि तिचे आकर्षण त्यातच आहे. रेघ आखली की पलीकडचे दुःख हा परक्याचा प्रश्न होतो. मग दिवे चालू ठेवून वेगळेपण लपवावे लागते, किंवा जाळीच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकाव्या लागतात.

मराठी वाचकाला 'सीमा' म्हटले की १ नोव्हेंबर १९५६ आठवतो आणि बेळगाव आठवते. तो दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. बोडनझेचा दाखला देऊन त्या प्रश्नाचे सुलभीकरण करण्याचा आमचा हेतू नाही. सरोवरात कोणी राहत नाही, शाळेची भाषा कोणती हा प्रश्न माशांना पडत नाही. माणसांना तो पडतो आणि त्याचे उत्तर त्यांना मिळालेच पाहिजे. परंतु न्यायालयाचा निर्णय लागेपर्यंत, आणि लागल्यावरही, रेघेच्या दोन्ही बाजूंच्या शाळा, ग्रंथालये, रुग्णालये आणि नद्या यांच्याविषयी एकत्र बसून काय ठरवता येईल, हा प्रश्न आपल्या चर्चेत जवळजवळ नसतो. रेघ कोठे असावी याविषयी आपल्याकडे ग्रंथ आहेत. रेघ असताना शेजारी म्हणून कसे राहावे याविषयी फार थोडे लिहिले गेले आहे. साहित्याच्या अध्यापकांनी तरी याची खंत बाळगावी.

संध्याकाळी सायकली परत केल्या आणि शेवटच्या बोटींपैकी एक पकडली. इम्पेरिया तोवर कितीतरी वेळा स्वतःभोवती फिरून झाली होती. आम्ही निघालो तेव्हा तिची पाठ आमच्याकडे होती. पाय दुखत होते. बंदराच्या बाहेर पडल्यावर सकाळी विकत घेतलेला छापील नकाशा उघडला. गावापासून निघालेली सीमेची तुटक रेघ पाण्यात काही अंतर जाते आणि पुढे थांबते. त्यापलीकडे नुसता निळा रंग. आपण या घडीला नेमके कोणाच्या पाण्यावर आहोत, यावर आमच्यात थोडा वाद झाला. मेर्सबुर्ग दिसू लागेपर्यंत तो मिटला नव्हता. खोलीवर पोहोचल्यावर पहिले काम केले ते कपाट उघडून पारपत्रे जागेवर आहेत ना, हे पाहण्याचे.

यंदा वर्गात स्वाध्याय देताना अट बदलायचे ठरवले आहे. 'निसर्गरम्य' खुशाल लिहा म्हणावे; फक्त ज्या जागी उभे राहून ते गाव रम्य दिसले, त्या जागी उभे राहण्याची मुभा कोणाला नव्हती, हेही त्याच पानावर लिहा.